जन्माबरोबर आलेले दुखणे



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत उभे आयुष्य गेलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. कुत्र्याच्या मूत्रपिंडाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ओघाओघात सांगेन. मी डॉक्टर नाही, पशुवैद्यही नाही. माझे शिक्षण थोडे शाळेत आणि बरेचसे वाचनालयात झाले. जे वाचून आणि जाणत्यांना विचारून समजले तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रश्न असा आहे. घरात हौसेने दोन महिन्यांचे पिल्लू आणले जाते. ते पाच-सहा महिन्यांचे होते तोवर लक्षात येते की त्याची वाढ नीट होत नाही. ते सारखे पाणी पिते आणि सारखी लघवी करते. अन्नावर वासना नसते, मधूनच ओकते, तोंडाला घाण वास येतो. पुढे ते मलूल होते आणि वर्ष दोन वर्षांच्या आत दगावते. घरातली माणसे हळहळतात, आणि मग एकच चौकशी सुरू होते : याला कोणी काय खाऊ घातले? मला आज सांगावयाचे ते हे, की पुष्कळदा ही चौकशी चुकीच्या दाराशी चाललेली असते. दुखणे ताटलीतून आलेले नसते. ते पिल्लाबरोबरच जन्माला आलेले असते. आणि कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची हे ज्यांनी ठरविले त्यांच्या वहीत अनेकदा त्याचे मूळ सापडते.

हे पटण्यासाठी आधी मूत्रपिंडाचे काम समजून घेतले पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे हे दोन अवयव असतात. हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते त्याचा साधारण पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांतून वाहतो. प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारी असंख्य सूक्ष्म केंद्रे असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात ती सरासरीने दहा लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या चार लाखांच्या आसपास, मांजराच्या दोन लाखांच्या आसपास. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. इटलीच्या माल्पिघीने १६६६ साली हे सूक्ष्म गोळे वर्णन केले. १८४२ साली लंडनच्या विल्यम बोमनने दाखवून दिले की या गुंत्याभोवती जी पिशवी असते तीच पुढे लांब नळी होऊन जाते. रक्तातले पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार, साखर, युरिया हे सारे गुंत्यातून या नळीत उतरते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागेच राहतात. मग नळी आपले दुसरे काम सुरू करते. शरीराला जे हवे ते ती परत उचलते. गाळल्या गेलेल्या पाण्याचे शंभरातले जवळजवळ नव्याण्णव भाग परत रक्तात जातात. उरलेल्या थोड्या पाण्यात घाण एकवटलेली असते, तीच लघवी.

याखेरीज मूत्रपिंडाकडे आणखी काही खाती आहेत. नव्या तांबड्या पेशी तयार करा, असा निरोप हाडांतल्या मगजाला तेच धाडते. ‘ड’ जीवनसत्त्वाला उपयोगी रूप तेच देते. रक्तदाबावर आणि शरीरातल्या फॉस्फरसवरही त्याची नजर असते. म्हणून मूत्रपिंड खचले की नुसती घाण साठत नाही. रक्त कमी होते, रक्तदाब चढतो, हाडे भुसभुशीत होतात. वाढत्या वयाच्या पिल्लात तर जबड्याचे हाड इतके मऊ पडते की ते हाताला रबरासारखे लागते.

आता या अवयवाचा एक स्वभाव सांगतो, कारण सगळा घोटाळा तेथेच होतो. समजा, एका खात्यात शंभर माणसे आहेत. त्यांतली तीस माणसे कमी केली. उरलेल्या सत्तरांनी जास्त वेळ थांबून माल तेवढाच काढला. कचेरीतल्या तक्त्यावर उत्पादन कमी झालेले दिसत नाही, आणि साहेब म्हणतात सर्व ठीक आहे. पण उरलेल्यांची शरीरे झिजत असतात. त्यांतले काही खाली बसतात, मग बाकीच्यांवर आणखी बोजा. मूत्रपिंडात हेच घडते. काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेले जादा रक्त गाळू लागतात. त्या जादा दाबाने तेही हळूहळू व्रणांनी घट्ट होत जातात. साधारणपणे दोन-तृतीयांश नेफ्रॉन गेले म्हणजे लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते. आणि तीन-चतुर्थांश गेले म्हणजे रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये वाढलेली दिसू लागतात. म्हणजे रक्ताचा कागद बिघडला तेव्हा चौथा हिस्साच शिल्लक उरलेला असतो. अलीकडे एस.डी.एम.ए. नावाची एक रक्ततपासणी आली आहे, ती याच्या बरीच आधी इशारा देऊ शकते. पण मूत्रपिंड उशिरा बोलते, हा त्याचा मूळ स्वभाव काही बदलत नाही.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूत्रपिंड बिघडले म्हणजे लघवी बंद होणार, असे आपण धरून चालतो. जुनाट आजारात बहुतेक वेळा उलटे होते. लघवी घट्ट करता येत नाही म्हणून ती पाण्यासारखी आणि पुष्कळ होते. जेवढे पाणी बाहेर जाते तेवढे भरून काढण्यासाठी पिल्लू पाणी पिते. तहान हा येथे रोग नव्हे, तो बचाव आहे. परंतु घरातली माणसे काय करतात? पिल्लू घरभर लघवी करते म्हणून रात्रीचे पाण्याचे भांडे उचलून ठेवतात. यासारखा दुसरा घात नाही. जे पिल्लू अति पाणी पिते त्याचे भांडे कधीही रिकामे राहू देऊ नये. ते उचलण्याऐवजी पिल्लाला उचलून पशुवैद्याकडे न्यावे.

मग जन्माबरोबर आलेला दोष म्हणजे नेमके काय? गर्भात मूत्रपिंड दोन भागांच्या मिळणीतून घडते. एका नळीला एक फुटवा फुटतो आणि तो पेशींच्या एका पुंजक्यात शिरतो. तेथे त्याला फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी पुंजक्यातल्या पेशी नेफ्रॉन रचतात. फुटव्याने पेशींना संकेत द्यावा, पेशींनी फुटव्याला द्यावा, असे हे परस्परांच्या सांगण्यावरून चालणारे काम आहे. कुत्र्यात ते जन्माच्या वेळी पुरे झालेलेही नसते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते पुरे होते. या संकेतांत कोठे खंड पडला तर मूत्रपिंडाचा काही भाग गर्भावस्थेतल्या रूपातच अडकून राहतो. गुंते अपुरे, नळ्या वेड्यावाकड्या, मध्ये नुसते तंतूंचे जाळे. या विकाराला मूत्रपिंडाची सदोष घडण म्हणता येईल. ल्हासा आप्सो आणि शिह त्झू या लांब केसांच्या छोट्या जातींत तो विशेष नोंदला गेला आहे. बॉक्सर, पूडल आणि इतरही जातींत तो आढळतो. कधी एखादे मूत्रपिंड जन्मतःच नसते. दुसरे धड असेल तर असे पिल्लू पूर्ण आयुष्य जगते, आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेले. ते आईबापांकडून आलेले असेल किंवा गर्भात अथवा जन्मतःच झालेल्या एखाद्या आघातामुळेही असेल. नवजात पिल्लांना होणाऱ्या कुत्र्यांच्या हर्पिस विषाणूच्या संसर्गातून जी पिल्ले वाचतात, त्यांच्यातही मूत्रपिंडाची घडण बिघडलेली आढळली आहे. उलट आनुवंशिक दोष जन्मापासून असतो, पण तो दिसू लागेपर्यंत महिने किंवा वर्षे जातात. जन्माच्या दिवशी पिल्लू गुटगुटीत होते, म्हणून दोष नंतर कोणी तरी घातला, असे म्हणता येत नाही.

आता माझा संबंध सांगतो. काही वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या एक बाई संघटनेच्या कचेरीत आल्या. त्या ज्या घरी काम करीत तेथे एका महागड्या जातीचे पिल्लू होते. त्याला खाऊ घालणे, फिरविणे, पुसणे हे सर्व याच बाईंकडे. पिल्लू आठव्या महिन्यात आजारी पडले आणि नवव्यात गेले. मालकांनी ठरवून टाकले की बाईंनी आपल्या डब्यातले खारट, तिखट खाऊ घातले म्हणून मूत्रपिंडे गेली. दवाखान्याचा खर्च त्यांच्या पगारातून कापला, कामावरून काढले, आणि वर शेजारच्या इमारतींत सांगून ठेवले की ही बाई विश्वासाची नाही. पहिल्या दोन गोष्टींपेक्षा तिसरी जड. चार घरची कामे करून जिचे पोट भरते, तिचे नाव म्हणजेच तिचे भांडवल. बाई म्हणाल्या, “दादा, मी त्याला बिस्किटाशिवाय काही दिलं नाही. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?”

चौकशीत विश्वास ठेवण्या न ठेवण्याचा प्रश्न नसतो, कागद मागण्याचा असतो. कारखान्यातल्या आरोपपत्राला उत्तर देताना जे करतो तेच आम्ही केले. मालकांना भेटलो आणि दवाखान्याचे कागद पाहू द्या, अशी विनंती केली. ते तयार झाले, हा त्यांचा चांगुलपणा. कागद घेऊन एका पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी एकेक ओळ समजावून सांगितली. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे वयाच्या मानाने लहान आणि ओबडधोबड होती. बाहेरचा थर आणि आतला गाभा यांच्यातली सीमा पुसट होती. रक्त फार कमी झाले होते. लघवी पाण्यासारखी पातळ होती. आणि तिसऱ्या महिन्यात लस टोचताना लिहिलेल्या वजनापासूनच वाढ मागे पडलेली होती. पशुवैद्य म्हणाले की सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहिल्याशिवाय शंभर टक्के कोणी सांगू नये, परंतु हे चित्र आठवड्या-पंधरवड्याचे नाही. हे जन्मापासूनचे दिसते. कापलेला पगार परत मिळाला. ते काम मात्र परत मिळाले नाही, आणि शेजारच्या इमारतींत पसरलेला शब्द परत घ्यायला कोणी गेले नाही. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

याचा अर्थ बाहेरून मूत्रपिंड बिघडतच नाही, असा मुळीच नाही. द्राक्षे आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामक औषधे घातक ठरतात. पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलामाइनची भेसळ असलेल्या तयार खाद्यामुळे कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे बंद पडली, आणि कंपन्यांना ते खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. म्हणून भेद ओळखता आला पाहिजे. बाहेरचा आघात बहुधा एकाएकी येतो. काल धावणारे कुत्रे आज आडवे होते, मूत्रपिंड लहान झालेले नसते, उलट सुजलेले असू शकते, आणि अंगावर मांस टिकून असते. जन्माचे दुखणे सावकाश येते. वाढ खुंटलेली, रक्त उतरलेले, मूत्रपिंड आकसलेले. हा ढोबळ भेद आहे, निकाल पशुवैद्यानेच द्यावा. पण आरोप करण्याआधी एवढे तरी पाहावे.

आता आनुवंशिकतेकडे वळू. तेथली एक हकीगत माणसापासून सुरू होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या सेसिल आल्पोर्ट या डॉक्टराने १९२७ साली एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या घरात अनेकांच्या लघवीतून रक्त जाई आणि त्याबरोबर बहिरेपण येई. पुरुष लवकर मरत, स्त्रिया म्हातारपणापर्यंत जगत. या विकाराला पुढे आल्पोर्टचेच नाव मिळाले. हाच आल्पोर्ट नंतर कैरोच्या रुग्णालयात प्राध्यापक झाला. तेथे गरीब रोग्यांची चाललेली हेळसांड पाहून तो अधिकाऱ्यांशी भांडला, आणि १९४६ साली पुस्तक लिहून त्याने ती चव्हाट्यावर मांडली. कामगार कार्यकर्त्याला असा माणूस आपला वाटावा यात नवल नाही.

अर्धशतकानंतर, १९७७ साली, कॅनडातल्या संशोधकांनी सामोयेड या पांढऱ्या, दाट केसांच्या कुत्र्यांच्या एका कुळात हाच प्रकार नोंदविला. नर पिल्ले जन्मतः धडधाकट असत. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागत, आणि साधारण पंधरा महिन्यांच्या आत मूत्रपिंडे संपत. माद्यांना सौम्य त्रास होई आणि त्या जगत. १९९४ साली दोष नेमका सापडला. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याच्या भिंतीत कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. तीन धाग्यांची वेणी घालून ती विणलेली असते. त्यांतल्या एका धाग्याचा जो लेखी हुकूम जनुकात असतो, त्यात एका अक्षराचा बदल झाला होता, आणि त्या अक्षरामुळे मध्येच ‘येथे थांबा’ असा अर्थ होत होता. धागा अर्ध्यावर तुटला की वेणी पडत नाही. वेणी पडली नाही की भिंत दाबाखाली फाटत जाते. हे जनुक एक्स या गुणसूत्रावर आहे. मादीजवळ एक्स गुणसूत्रे दोन, म्हणून एक बिघडले तरी दुसरे काही काम भागविते. नराजवळ एकच. इंग्लिश कुटुंबातले पुरुष का मरत आणि स्त्रिया का जगत, याचे उत्तर कुत्र्यांच्या कुळातही तेच होते.

इंग्लिश कॉकर स्पॅनियल या जातीत याच जाळीचा दुसरा धागा बिघडतो. त्याचे जनुक २००७ साली कळले. येथे हिशेब निराळा आहे. पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच रोग होतो. तो सहा महिने ते दोन वर्षे या वयात दिसू लागतो. एकच प्रत बिघडलेली असेल तर कुत्रे निरोगी राहते, पण दोष पुढे नेते. अशा दोन निरोगी वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत आजाराची शक्यता चारात एक. चार पिल्लांत एक आजारी निघेलच असा याचा अर्थ नाही. एकही निघणार नाही किंवा दोन निघतील. आणि मालक शपथेवर सांगेल की आईबाप दोघेही उत्तम होते. तो खोटे बोलत नसतो. त्याने चाचणी केलेली नसते, एवढेच. बुल टेरियरमध्ये तिसरा प्रकार आढळतो : मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी भरत जातात, आणि तेथे एकाच पालकाकडून आलेली एकच बिघडलेली प्रत रोगाला पुरते.

अशी बिघडलेली अक्षरे कोणत्याही प्राण्यात थोडीफार असतातच, माणसातही. मग एखाद्या जातीतच एक दोष का दाटून येतो? कारण ती जात चारी बाजूंनी कोंडलेली असते. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांची कुळे वहीत लिहिली जाऊ लागली. पुढे नियम असा झाला, की वहीतल्या आईबापांचेच पिल्लू वहीत चढेल. प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या एका नराकडून शेकडो पिल्ले घेतली गेली. मग त्याच्याच नाती-नातवंडांच्या जोड्या लागल्या. त्या एका नराजवळचा एक लपलेला दोष अशा रीतीने साऱ्या जातीचा होऊन बसतो. पिढ्यान्पिढ्या एकच वळू कळपात ठेवू नये, हे आपला निरक्षर शेतकरीही जाणतो. हौशी श्रीमंतांच्या वहीला ते कळायला फार वेळ लागला.

किती वेळ लागला याचे एक लेखी उदाहरण आहे. अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियन कुत्रा आपण चित्रपटांत पाहिला असेल. इतर कुत्री आपल्या शरीरातील युरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या द्रव्यात करतात. डाल्मेशियनमध्ये हे आम्ल पेशींतून नीट वाहून नेले जात नाही, ते लघवीत उतरते, त्याचे खडे होतात, आणि नराचा मूत्रमार्ग अडून जीवावर बेतते. शुद्ध म्हणविणाऱ्या सगळ्याच डाल्मेशियनांत हा दोष होता. म्हणजे जातीच्या आत निर्दोष जोडीदार उरलाच नव्हता. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर घडविला. पुढे प्रत्येक पिढीत डाल्मेशियनशीच जोडी लावली आणि दर वेळी निर्दोष पिल्लू निवडले. पाचव्या पिढीत ठिपकेही तेच, अंगकाठीही तीच, आणि दोष गेलेला. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने त्यांतली दोन कुत्री वहीत घेतली. पण जातीच्या अभिमान्यांनी विरोध केला, आणि दार बंद झाले. २००८ साली दोषाचे जनुक सापडले. ब्रिटनमध्ये २०१० साली अशा कुत्रीला प्रवेश मिळाला, अमेरिकेत २०११ साली. १९७३ पासून २०११ पर्यंत अडतीस वर्षे होतात. उपाय समोर उभा होता, आणि तेवढी वर्षे खडे होणारी पिल्ले जन्माला येत राहिली. कशासाठी, तर वहीत एक परका पूर्वज नको म्हणून. शुद्ध रक्त हा शब्द ज्या समाजाने फार ऐकला आहे आणि त्याची किंमत फार मोजली आहे, त्याला या गोष्टीचा अर्थ मी फोड करून सांगण्याची गरज नाही.

मात्र यातून उतावळा निष्कर्ष काढू नये. वाहक सापडला की त्याला बाद करा, असे म्हणणे सोपे आहे. तसे सरसकट केले तर आधीच अरुंद असलेली जात आणखी अरुंद होते आणि दुसराच एखादा लपलेला दोष वर येतो. कॉकरसारख्या प्रकारात वाहकाची जोडी चाचणी केलेल्या निर्दोष कुत्र्याशी लावावी. पिल्लांतली सरासरीने निम्मी वाहक निघतील, परंतु आजारी एकही निघणार नाही. पुढच्या पिढीसाठी त्यांतली निर्दोष निवडावीत. बुल टेरियरच्या प्रकारात मात्र दोष असलेल्या कुत्र्याची संतती घेऊच नये. ल्हासा आणि शिह त्झूच्या सदोष घडणीबाबत एका चाचणीवर विसंबता येत नाही. तेथे आजारी पिल्लांची प्रामाणिक नोंद आणि ती जोडी पुन्हा न लावणे, हाच मार्ग आहे. आपल्या गावठी कुत्र्यांत रक्त मिसळलेले असल्याने असा एखादा दोष दाटून येण्याचा संभव कमी. पण त्यांना मूत्रपिंडाचे विकार होत नाहीत असे मात्र नाही. रस्त्यावर मेलेल्या पिल्लाचे मूत्रपिंड कोणी पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये, असे त्यांत आहे. नियम कागदावर आले की काम संपत नाही, हे किमान वेतनाच्या कायद्याने आम्हाला शिकविले आहे. नियम पाळला जातो तो विचारणारा असला म्हणजे. म्हणून पिल्लू घेणाऱ्याने विचारावे : आई कोठे आहे, ती दाखवा, आईबापांची चाचणी झाली आहे का, याच जोडीचे आधीचे एखादे पिल्लू लहानपणी मूत्रपिंडाने गेले आहे का? उत्तर लेखी घ्यावे. विकणारा रागावला तर तेच उत्तर समजावे.

आजार झालाच तर काय करावे? मूळ दोष बरा करणारे औषध नाही, हे आधी स्वच्छ सांगितले पाहिजे. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. सकाळच्या लघवीची साधी तपासणी स्वस्त आहे. लघवी सतत पातळ असणे आणि तिच्यातून प्रथिन जाणे या दोन खुणा रक्ताच्या आधी बोलतात. पाणी सदैव हाताशी असावे. फॉस्फरस कमी असलेला आहार पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावा. वाढत्या पिल्लाचे प्रथिन आपल्या मनाने तोडू नये. ओकारी, रक्तदाब, रक्त कमी होणे यांवर उपचार आहेत. रक्तदाबाच्या औषधांपैकी एनालाप्रिल हे औषध सामोयेड पिल्लांना लवकर सुरू केले तेव्हा ती सुमारे एक-तृतीयांश अधिक जगली, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले. आज आल्पोर्टचा विकार असलेल्या मुलांनाही याच गटातली औषधे लवकर सुरू करतात. जे पिल्लू स्वतः वाचले नाही, त्याच्यामुळे कोणाच्या तरी मुलाची काही वर्षे वाढली. हे ऋण आपण विसरू नये. मुंबईत परळला, गिरण्यांच्या वस्तीत, १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकलेली माणसे आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना विचारण्यात संकोच करू नये.

पिल्लू मेले तर शक्य असल्यास मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद विकणाऱ्याकडे पाठवावा. तो कागद पोचला तर ती जोडी पुन्हा लागणार नाही, अशी आशा तरी धरता येते. आणि घरात ज्या हातांनी त्या पिल्लाला भरविले, पुसले, रात्री उठून बाहेर नेले, त्या हातांकडे बोट करण्याआधी दवाखान्यातला वजनाचा तक्ता एकदा काढून पाहावा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.